पट्टा की स्लीव्ह? दहा वर्षांनी जठराचं काय होतं

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात वजनाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: 'परत जेवता येईल न्हवं?' येतं, पण वाटीभरच.

गॅस्ट्रिक बँडमध्ये जठर कापत नाहीत. वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा आवळतात, कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून (सुई टोचायची छोटी डबी) सलाईन भरून तो घट्ट-सैल करतात. काढता येतो, हीच त्याची मोठी जमेची बाजू. पण खरी कटकट पुढच्या वर्षांत. पट्टा घसरतो, वरची पिशवी फुगते, घास अडून उलट्या होतात. कधी अन्ननलिकाही रुंदावते. क्वचित पट्टा जठराची भिंत झिजवत आत शिरतो. मग काढण्यावाचून इलाज नाही. काढला तरी आतल्या जखमांचे वण राहतात आणि वजन बहुधा परत चढतं.

स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठर कापून बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात; सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा जातो. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन कमी होतं, पट्ट्यापेक्षा वजन जास्त उतरतं. मात्र छातीत जळजळ वाढू शकते, बी-12 आयुष्यभर तपासावं लागतं.

माझा कल स्लीव्हकडे. जळजळीचा जुना त्रास असेल तर मात्र गॅस्ट्रिक बायपासबद्दल (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणारं ऑपरेशन) सर्जनला आधी विचारा. आणि पट्टा आधीच बसवला असेल, तर त्रास नसला तरी तपासणी चुकवू नका.