समुद्रकाठच्या घरासाठी स्टील : ३०४ की ३१६?

मालवण किंवा रत्नागिरीला अगदी समुद्रालगत घर बांधणाऱ्याला गॅलरीच्या रेलिंगसाठी ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील घ्यावे की महागडे ३१६, हे ठरवावेच लागते. दुकानात दोन्ही सारखेच चमकतात आणि लोहचुंबक लावूनही त्यांतला फरक कळत नाही.

दोन्हींचे रक्षण क्रोमियमच्या ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर करतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड हा थर सरसकट काढत नाही. पोलादातील मँगनीज सल्फाइडच्या कणांसारख्या कमकुवत जागी तो फुटतो. तिथे पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यात विरघळलेल्या धातूमुळे पाणी आम्लधर्मी होते, बाहेरचे क्लोराइड आणखी आत ओढले जाते आणि खड्डा खोल होत जातो. वजन फारसे घटत नाही, पण पत्र्याला आरपार भोक पडू शकते, हेच पिटिंग.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये क्रोमियम जास्त नसते, उलट थोडे कमीच असू शकते; पण त्यात निकेल अधिक आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि पिटिंगपुरते बोलायचे तर जादा पैसे या मॉलिब्डेनमसाठीच मोजायचे. पिटिंगला होणाऱ्या विरोधाच्या रूढ निर्देशांकात क्रोमियमच्या तुलनेत मॉलिब्डेनमची टक्केवारी ३.३ पटीने धरतात. त्यानुसार ३०४ चा आकडा १९ च्या, तर ३१६ चा २४ च्या आसपास येतो.

त्यामुळे लाटांचे तुषार पोहोचतात तिथे ३१६ च घ्यावे. घरातल्या सिंकसाठी मात्र ते घेणे उधळपट्टी ठरेल. पावसात धुऊन निघणाऱ्या रेलिंगपेक्षा वळचणीखालची, मीठ साचत राहणारी जागा अधिक लवकर डागाळते, म्हणून ती गोड्या पाण्याने वरचेवर धुवावी. खरखरीत पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत पॉलिश बरे. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र जवळपासही नको, कारण ते बहुधा हायड्रोक्लोरिक असते, म्हणजे क्लोराइडच.

कायम समुद्राच्या पाण्यात बुडणाऱ्या भागासाठी दोन्ही नकोत. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि पाणी साचून राहिले तर ३१६ लाही खड्डे पडतात. तिथे निदान निर्देशांक ३५ च्या आसपास असलेल्या २२०५ डुप्लेक्स या स्टेनलेस स्टीलच्या वेगळ्या प्रकाराचा विचार करावा.

फॅब्रिकेटरकडून बिलावर ग्रेड लिहून घ्यावी आणि मालाचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे, कारण निकेल वाचवून मँगनीज घातलेले स्वस्त २०२ सुद्धा नवे असताना तसेच चमकते.