वहीतला १२३ क्रमांक आणि माझे १४,२५० रुपये

जुन्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांसाठी मी चार हप्त्यांत १४,२५० रुपये दिले आणि माझ्या हाती मुखपृष्ठ नसलेले दोन अंक आणि सहा किलो रद्दी आली. गेली अकरा वर्षे मी हा संग्रह पैशाला पैसा जोडून करते आहे आणि अशा व्यवहारांत भामटे कसे वागतात हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, म्हणून हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण मला फसवणाऱ्या माणसाची अंकांची यादी अजून फिरते आहे.

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. आमच्या घरी वडील मराठी इंद्रजाल आणत आणि वर्षाचे अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवत. जुने घर रिकामे करताना ते सगळे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले, आणि ही गोष्ट मला कळली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. शिकवणीच्या उत्पन्नातून दरमहा ९०० रुपये बाजूला काढून मी ते अंक पुन्हा जमवायला सुरुवात केली. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंदी अंक अधूनमधून हाती लागतात, मराठी मात्र मला वर्षाकाठी पाच-सहाच मिळाले. ज्यांच्याकडे पैसा आहे ते हवा तो अंक हव्या त्या किमतीला घेतात. माझ्यासारखीला आधी फाटका अंक घ्यावा लागतो, पुढे बरा मिळाला की फाटका कोणाशी तरी बदलावा लागतो, आणि कोणी सगळा गठ्ठा एकदम विकत असेल तर त्याच्याकडे डोळे लागतात, कारण गठ्ठ्यात एक अंक १५०-२०० रुपयांत पडतो. भामट्यांना आपली ही अडचण चांगली माहीत असते.

त्या माणसाचा फोन क्रमांक मला एका ओळखीच्या संग्राहकाने पाठवला होता. तो स्वच्छ मराठी बोलत होता, पहिल्याच फोनपासून मला ताई म्हणत होता, आणि वडिलांच्या पश्चात त्यांचा संग्रह कोणातरी जाणत्या माणसाच्या हाती जावा एवढीच आपली इच्छा आहे असे सांगत होता. माझ्या वडिलांचे अंक रद्दीत गेल्याचे मीच त्याला आपण होऊन सांगितले. हे कोणीही करू नये. आपल्याला एखादी वस्तू का हवी आहे, हे विकणाऱ्याला कळता कामा नये.

जुलैत मी त्याच्याकडून चार अंक ६०० रुपयांना घेतले. ते पाच दिवसांत आले आणि अस्सल होते. ऑगस्टमध्ये सहा अंक टपालखर्चासह १,०२० रुपयांना घेतले, तेही अस्सल होते. पहिले दोन व्यवहार चोख करून तिसऱ्यात हात मारायचा ही जुनीच रीत आहे आणि ती मलाही माहीत होती. पण ज्याने दोनदा शब्द पाळला त्याच्यावर तिसऱ्यांदा विश्वास ठेवणे हा मूर्खपणा आहे असे मला आजही वाटत नाही. माझी चूक पुढे झाली.

३ सप्टेंबरला त्याने मला एका वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले. निळ्या शाईत, पट्टीने रकाने आखून, ६२ मराठी अंकांची यादी केलेली होती: अनुक्रम, अंकाचा क्रमांक, पात्राचे नाव, अंकाची अवस्था. अवस्थेच्या रकान्यात ‘कोपरा दुमडलेला’, ‘पान १७ फाटके’, ‘मागे बॉलपेनने नाव’ अशा नोंदी होत्या. इतक्या बारकाईने लिहिलेली यादी पाहून कोणाही संग्राहकाचा जीव वितळेल. आणि त्या यादीच्या ४१व्या ओळीत १२३ आणि ४२व्या ओळीत १२४ असे लिहिले होते.

ज्यांना इंद्रजालचा इतिहास ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ही मालिका मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनातून सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. पहिले ३२ अंक केवळ वेताळ, म्हणजे फँटम, या नायकाचे होते, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन हे नायक नंतर आले, आबिद सुरती यांचा बहादूर १९७६ मध्ये आला. एकूण अंक निघाले ८०३, आणि क्रमांक मात्र ८०५ पर्यंत जातात, कारण टाइम्समधल्या संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. कोणाच्याही संग्रहात ते असू शकत नाहीत. माझ्या स्वतःच्या वहीत या दोन क्रमांकांपुढे मी अकरा वर्षांपूर्वी लाल शाईने आडवी रेघ मारून ठेवली आहे.

म्हणजे मला ते दिसले नाही असे झालेच नाही. दिसले, आणि मी त्याच रात्री त्याला फोन करून विचारलेही. क्षणभरही न अडखळता तो म्हणाला, “ताई, संपाच्या आधी मराठीच्या थोड्या प्रती बाहेर पडल्या होत्या, वडिलांना छापखान्यातल्या ओळखीने मिळाल्या. हे फार कोणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.” मी फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. जी गोष्ट अस्तित्वात नाही हे मला पक्के ठाऊक होते, ती आपल्याकडे असणार आणि दुसऱ्या कोणाकडेही नसणार, या एका विचाराने मी माझी अकरा वर्षांची माहिती बाजूला ठेवली. त्याला या दोन अंकांचा इतिहास माहीत नव्हता आणि त्याने नुसते ओळीने आकडे लिहिले होते, की माहीत असूनच त्याने ते आमिष लावले होते, हे मला आजवर कळलेले नाही. त्या रात्री मी त्या दोन अंकांचा एक फोटो मागितला असता तर सगळे तिथेच संपले असते. फोटो मागितला तर तो दुखावेल आणि गठ्ठा दुसऱ्याला देईल, या भीतीने मी मागितला नाही.

त्याने १६,००० सांगितले, मी ११,५०० वर आणले, आणि घासाघीस करून घेतल्याचे समाधानही मानले. ५ सप्टेंबरला निम्मे, म्हणजे ५,७५० रुपये पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव उमटले ते त्याचे नव्हते. विचारल्यावर ते भाच्याचे खाते आहे, असे तो म्हणाला. ज्याच्याशी आपण बोलतो त्याचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नसेल तर पिन टाकूच नये, मग भाचा असो की सख्खा भाऊ. ९ तारखेला त्याने पुठ्ठ्याच्या जाड खोक्यासाठी आणि पॅकिंगसाठी ४५० मागितले. १२ तारखेला पार्सलच्या पावतीचा फोटो आला, तेव्हा मी उरलेले ५,७५० पाठवले. १३ तारखेला आणखी १८ अंक सापडले म्हणून त्याने २,३०० मागितले, तेही दिले. यातले ८,१०० रुपये माझ्या नऊ महिन्यांच्या बचतीचे होते आणि ६,१५० रुपये घराच्या रंगकामासाठी ठेवलेले होते. ते मी यजमानांना न विचारता उचलले, आणि त्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

पावतीवर वजन छापलेले होते: ६ किलो २४० ग्रॅम. माझ्याकडचे दहा अंक मी नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले, ते साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरले. त्या हिशेबाने ६२ अंक तीन किलोंच्या आत बसायला हवेत. खोक्याचे कितीही धरले तरी सहा किलो होत नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांना त्रैराशिक शिकवणाऱ्या बाईला हा हिशेब १२ सप्टेंबरला सुचला नाही. तुम्ही मात्र पावती आली की आधी वजन पाहा आणि आपल्याकडच्या अंकांशी ताडून घ्या.

पार्सल २० तारखेला दुपारी आले. मी वर्तमानपत्र पसरून, हात धुऊन, कात्रीने चिकटपट्टी कापली. वर एक वेताळचा अंक होता, मुखपृष्ठ नसलेला पण अस्सल: पिना गंजलेल्या आणि गंजाचा तपकिरी डाग मधल्या चार पानांवर उतरलेला. तळाशी तसाच दुसरा होता. मधे दहावीच्या हिंदी गाइडांचे गठ्ठे होते, अंकांच्याच आकारात कापलेले, आणि कापलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र. त्या कडांवरून बोट फिरवले तेव्हा मला समजले की कोणीतरी बसून, मोजून-मापून, माझ्यासाठी हे कापले आहे. उघडतानाचे चित्रीकरण मी केले नव्हते, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी मला पहिला प्रश्न त्याचाच विचारला गेला.

त्याच संध्याकाळी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पहिला हप्ता जाऊन तोवर पंधरा दिवस आणि शेवटचा जाऊन आठवडा झाला होता. या क्रमांकाचा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. त्याने पार्सल खरोखर का पाठवले ते मला तेव्हा उमगले. पार्सल पुढे सरकताना दिसत राहते, घेणारा आठवडाभर निर्धास्त बसतो, आणि तेवढ्यात पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोहोचतात.

याचा दुसरा फायदा त्याला पोलीस ठाण्यात झाला. २१ तारखेला मी सगळे कागद घेऊन आमच्या भागातल्या ठाण्यात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने पार्सलचा फोटो पाहिला आणि विचारले, “सामान तो आया न मॅडम, फिर धोखा कैसे हुआ?” हा घेणाऱ्या-देणाऱ्यातला वाद आहे, इथे नोंदवता येणार नाही, असे सांगून त्याने मला सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेत दीड तास बसवून सांगितले की रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. तिसऱ्या फेरीत ठाण्यात साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, त्यावर आवक शिक्का मारला, आणि गुन्हा कधी नोंदवणार असे विचारताच माझ्याकडेच विचारणा सुरू झाली: या वयात कॉमिक्स कशाला लागतात, ती मुलांसाठी होती का, घरी माहीत आहे का. मी रडले नाही, पण घशात आवंढा आला. माझे पैसे चोरणाऱ्याचा फोन क्रमांक, खाते, त्या खात्यावरचे नाव, पार्सल कुठून टाकले त्या डाकघराचे नाव, सगळे त्या कागदांत होते. त्यांनी त्या कागदांचे दुसरे पान उलटूनही पाहिले नाही. चौदा हजार ही रक्कम ज्यांना लहान वाटते, त्यांनी ती ९०० रुपयांच्या हिशेबाने जमवून पाहावी.

बँकेचे म्हणणे आणखी सोपे होते. पिन तुम्ही स्वतः टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमची जबाबदारी नाही. समोरच्या खात्याबद्दल काही सांगता येत नाही, कारण ती त्या खातेदाराची खासगी माहिती आहे. म्हणजे मला फसवणाऱ्याच्या खासगीपणाची जपणूक करायला माझी बँक बांधील आहे, आणि माझ्या पैशांसाठी ती एक पत्रही लिहिणार नाही. डाकघरात उत्तर मिळाले की पार्सल पोहोचले, वजन जुळले, आत काय होते याच्याशी आमचा संबंध नाही. पाच फेऱ्या, रिक्षाचे ७२० रुपये आणि शिकवणीचे चार खाडे एवढे माझे आणखी गेले.

मला नंतर एका परिचित वकिलांनी सांगितले ते इथे देते, कारण ते ठाण्यात कोणीही सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) प्रमाणे फसवून पैसे किंवा वस्तू द्यायला लावणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी ठाण्याने नोंद घ्यायला हवी. नोंद नाकारली तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. माझा अर्ज मी ८ ऑक्टोबरला टपालाने वरिष्ठांकडे पाठवला आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी ही कलमे कागदावर लिहून न्या.

गठ्ठा घ्यायचा असेल तर व्हिडिओ कॉलवर अंक उघडायला लावा आणि शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवायला सांगा. मधल्या पानावरची पिन दाखवायला सांगा, कारण जुन्या पानांत चकचकीत पिन असेल तर ती कोणीतरी आता मारलेली आहे. नंतरच्या काळात मुखपृष्ठावर खंड आणि अंक अशी नोंद येऊ लागली, त्यामुळे नुसते ‘अंक १’ ऐकून पहिला अंक मिळतो आहे असे समजू नका. आणि विकणारा कोणाला सांगू नका म्हणाला, तर पाच जणांना सांगा.

परवा बडोद्याच्या एका संग्राहकाने मला एक फोटो पाठवून विचारले की हे अंक घ्यावेत का. निळ्या शाईत, पट्टीने आखलेले रकाने, ‘पान १७ फाटके’. मी बोटांनी फोटो मोठा केला आणि ४१वी ओळ पाहिली. ते ५,००० रुपये पाठवायच्या बेतात होते, मी तत्काळ फोन करून त्यांना थांबवले. या वेळी फोन क्रमांक वेगळा आहे, गाव वेगळे सांगितले आहे, आणि गठ्ठा वडिलांचा नसून आजोबांचा आहे. वही तीच आहे. ही वही ज्यांच्याकडे येईल त्यांनी पैसे पाठवू नयेत, फोटो आणि क्रमांक जपून ठेवावेत आणि त्याच दिवशी १९३० वर तक्रार करावी.