यानार्तास, चिरालीची आग: रिव्ह्यू (५ पैकी ४)

तुर्कीत अंतल्याच्या बाजूला चिराली गाव आहे, तिथून वर डोंगरावर दगडातून आपोआप ज्वाळा येतात, तेच यानार्तास. तिकीट काढून साधारण एक किलोमीटर दगडी पायऱ्या चढायच्या, गुडघे दुखत असतील तर आधीच विचार करा. आम्ही एका टूरवाल्याकडून संध्याकाळची ट्रिप घेतली, गाईड म्हणजे नुसता राक्षसाची गोष्ट सांगत बसला, गॅस येतो कुठून विचारलं तर म्हणे जमिनीतून, अरे ते दिसतंयच की!!

खरी मजा तिथेच आहे ना. हा खडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, पृथ्वीच्या कवचाच्या प्लेट्स एकमेकांवर आदळताना जमिनीवर चढलेला. त्यातल्या ऑलिव्हिन नावाच्या खनिजावर पाण्याची रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोजन सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडशी जुळून मिथेन, म्हणजे हा जळणारा गॅस बनतो, खडकातला रुथेनियम नावाचा धातू यात मदत करतो असं संशोधक म्हणतात, म्हणजे बराचसा गॅस कुजलेल्या जीवांशिवाय बनलेला, थोडा नेहमीचाही मिसळलेला आहे. पश्चिम आल्प्समध्ये तर प्लेटसोबत कित्येक किलोमीटर खोल जाऊन वर आलेल्या खडकांतही असा मिथेन सापडलाय. म्हणून लगेच फुकटचं गॅसक्षेत्र मिळालं असं नाही हां, इथल्या ज्वाळा शेगडीएवढ्याच आहेत.

एक स्टार कापला तो गाईडचा. अंधार पडल्यावरच जा, दिवसा ज्वाळा नीट दिसत नाहीत, टॉर्च आणि ग्रिपवाले बूट मस्ट, आणि पाण्याची बाटली खालूनच घ्या.