बांटम कोंबड्यांसाठीचं लाकडी खुराडं : पिल्लांच्या वयापासून अंड्यांपर्यंत वापरून

खोक्यावर '4 ते 6 कोंबड्यांसाठी' असं छापलंय, तिथूनच सुरुवात करते. पूर्ण आकाराच्या कोंबड्या असतील तर यात दोनसुद्धा धड मावणार नाहीत. बांटम, म्हणजे लहान चणीच्या कोंबड्या, असतील तर तीन, फार तर चार. माझ्याकडे तीन आहेत: गब्दू (पेकिन), चिमी (डच बांटम) आणि कापशी (सिल्की). अंगावर पिसं भरली, ऊब देणाऱ्या प्लेटची गरज संपली, तेव्हा साधारण सहा आठवड्यांच्या असताना त्या यात आल्या. आता तिघीही अंडी घालतात. एरवी खुराड्यांचे रिव्ह्यू जोडणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले असतात: 'दिसायला सुंदर, पिल्लं खूश'. पिल्लं कशातही खूश असतात हो! खुराड्याची खरी परीक्षा त्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) झाल्या की सुरू होते.

सगळ्यात आवडली ती पुढची पूर्ण उंचीची जाळी. बारीक चौकोनी वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी) आहे, ती पातळ षटकोनी कोंबडीजाळी नाही. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकारी जनावराला बाहेर ठेवेलच असं नाही. शिवाय या जाळीसमोर स्टूल टाकून बसलं की सगळं दिसतं, आणि बांटम पाळायच्या त्या अर्ध्याअधिक बघण्यासाठीच. सहा-आठ आठवड्यांच्या तलंगा दिसायला अगदीच विजोड असतात: मान बारीक, पाय लांब, शेपटीच्या जागी नुसता झुबका. पहिलं अंडं घालेपर्यंत त्या एकापेक्षा जास्त वेळा पिसं बदलतात, त्यामुळे ट्रेमध्ये मूठभर पिसं पडलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. ट्रे पत्र्याचा आहे, सरकन बाहेर येतो, धुवायला सोपा. गब्दूच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं आहेत, खालचा भुसा ओला राहिला की ती चिखलाने लडबडतात. त्यामुळे ट्रेला माझ्याकडून पूर्ण गुण.

शिडी मात्र उभट आहे आणि तिच्या पट्ट्या लांब लांब ठोकल्यात. चिमीला शिडी लागतच नाही, ती भुर्रकन वर. कापशीची पिसं केसांसारखी सुटी, त्यामुळे तिला उडता येत नाही. मधेमधे जास्तीच्या पट्ट्या ठोकल्यावरच ती वर जायला लागली. बसायच्या दांडीवर चढायचा तिने विचारही केलेला नाही, ती भुशातच झोपते.

दांडीसाठी दोन खाचा दिल्यात. खालची 'पिल्लांसाठी' म्हणे. हे कोणी ठरवलं कोण जाणे, कारण खालची खाच अंड्यांच्या कप्प्याच्याही खाली येते. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते, म्हणजे पिल्लं थेट कप्प्यात जाऊन झोपणार आणि रात्रभर तिथेच घाण करणार. मी पहिल्यापासून वरची खाच वापरली आणि तुरे लाल होईपर्यंत कप्प्याच्या तोंडाला पुठ्ठा लावून ठेवला.

शिडीखाली एक बंद कोपरा आहे, त्याची वेगळी तक्रार. कळपातली उतरंड तीनच कोंबड्यांतही असतेच. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एबे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांमधल्या या चोचीच्या क्रमावर लिहिलं होतं. माझ्याकडे आकाराने सगळ्यात लहान चिमी सगळ्यात वर आहे आणि कापशी सगळ्यात खाली. चिमी मागे लागली की कापशी नेमकी त्या कोपऱ्यात शिरायची आणि तिथून बाहेर पडायला वाट नसायची. आता तिथे वीट ठेवलीये. दाण्याची भांडी दोन, आणि एकमेकांपासून लांब.

वयात येताना तुरा फिकट गुलाबीचा लालभडक होतो आणि पाठीवरून हात नेला की तलंग पंख किंचित पसरून जमिनीला चिकटून बसते. हे दिसलं की अंडं जवळ आलं समजायचं. सिल्कीचा तुरा मुळातच काळपट जांभळा, तिच्या बाबतीत रंगावर जाऊ नका. अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरपूर कॅल्शियमवालं खाद्यसुद्धा तेव्हाच सुरू करायचं, आधी दिलं तर वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

गब्दूने पहिलं अंडं घातलं त्या दिवशी ती कप्प्यात शिरली, बाहेर आली, परत शिरली, गवताच्या काड्या चोचीने उचलून स्वतःच्याच पाठीवर टाकत बसली. झाकण वरून उघडतं ही सोय उत्तम, पण त्याला टेकू नाही. एका हाताने झाकण धरायचं आणि दुसऱ्याने ते एवढंसं अंडं उचलायचं. बांटमचं अंडं साधारण 30 ते 40 ग्रॅमचं, तलंगेचं पहिलं त्याहूनही लहान. कप्प्यातली मधली फळी निघते, ती काढू नका. कापशी खुडूक (अंडी उबवायला) बसली की हलत नाही, मग बाकीच्या दोघींना निदान अर्धा कप्पा तरी उरतो.

आता सगळ्यात मोठा दोष. छतावरचा फेल्ट (पाणी आत येऊ नये म्हणून लावलेला डांबरी थर) खिळ्यांनी ठोकून बसवलाय, तो उचलता येत नाही. लाल माइट (गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव) दिवसा अशाच फटींत दडतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू फिरवा, लाल डाग उमटले तर समजा वस्ती झालीये. सांधे घासता येतात, छताखालचं काही करता येत नाही. हेच खुराडं छत सुटं देऊन केलं असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. प्लास्टिकच्या खुराड्यांचा विचार करावा तो याच एका कारणासाठी.

दाराची कडी पहिल्याच पावसात फुगलेल्या लाकडात अडकायला लागली. कंपनीला कळवलं तर त्यांनी तशीच दुसरी कडी पाठवली. मी ती ठेवून दिली आणि लोखंडी बोल्ट बसवून घेतला.