माती परीक्षणाच्या नावाखाली ४,८०० रुपये मातीत

सांगलीत विश्रामबागकडच्या कॉलन्यांत पांढरी गाडी घेऊन ‘माती तपासून देतो’ म्हणत कुणी आलं, तर फाटकातूनच परत पाठवा. आमचे ४,८०० गेले. तपासणीचे ५००, ‘क्षारनाशक’ म्हणून गळ्यात मारलेल्या दोन बाटल्यांचे ३,७०० आणि जमीन सुधारायला म्हणून दिलेल्या जिप्समच्या पिशवीचे ६००.

पोरगा गळ्यात ओळखपत्र अडकवून ‘काकू, काकू’ करत अंगणात शिरला. वांगी-मेथी लावायच्या आधी माती तपासून घ्यावी हे माझ्या मनात होतंच. त्यात काय चुकलं माझं? त्यानं दोन दांड्यांचं यंत्र खुपसलं ते नेमकं धुण्याच्या दगडाशेजारी! रोज साबणाचं पाणी मुरतं तिथं. माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा सामू (पीएच) चढा येईल नाहीतर काय होईल? ‘अरे, वाफा तिकडं आहे’ हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “सामू ९.२. काकू, जमीन क्षारपड झालीय.” वाळवा-पलूसकडं पिकत्या जमिनी मिठानं पांढऱ्या पडलेल्या ज्यांनी बघितल्यात, त्यांना हा शब्द ऐकून काय होतं ते सांगायला नको. माझ्या माहेरची दोन एकरं तशीच गेली. काढले पैसे.

वर पाच मिनिटांत मोबाइलवर नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन, सगळ्याचे आकडे हजर. अहो, माती सावलीत वाळवून, चाळून, रसायनं घालून एकेक घटक मोजावा लागतो. दांडी खुपसून बोरॉन कळत नसतं! संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा रिपोर्ट बघितला. बोरॉन ०.३१. माझंही ०.३१. जस्तसुद्धा तेच, आणि त्यांच्याकडं तर नुसती मुरुमाची भर आहे.

पोलीस म्हणाले, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग चोरी कुठली?” बँकेचंही तेच, क्यूआर तुम्हीच स्कॅन केलात. कृषी कार्यालयात साहेब जेवायला गेलेले. आले तेव्हा बाटली फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, यावर ‘खत’ असं लिहिलेलंच नाही, आमच्यात बसत नाही, ग्राहक आयोगाकडं जा. तिथल्या अर्जात सामनेवाल्याचा पूर्ण पत्ता हवा. बाटलीवर ना बॅच नंबर, ना उत्पादकाचं नाव! पत्ता असता तर मीच गेले नसते का त्याच्या दारात?

नमुना स्वतः काढा, दुसऱ्याला यंत्र लावू देऊ नका. लेकीनं नंतर वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, व्ही आकाराचे खड्डे घेऊन कडेची माती काढली. ती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पिशवी कापडी, खताच्या पोत्यात तर मुळीच भरू नका. उकिरड्याजवळची, झाडाखालची माती नको. प्रयोगशाळेतून सामू ७.८ आला, क्षारही मर्यादेत. जिप्समची गरजच नव्हती.

बाटलीला गुळाच्या पाण्याचा वास येतो. तरी फेकलेल्या नाहीत, तुम्हीही फेकू नका. सोमवारी त्या घेऊन पुन्हा कृषी कार्यालयात निघालेय. ज्यांच्या रिपोर्टवर बोरॉन ०.३१ आहे, त्यांनी कागद घेऊन बरोबर यावं.