झुवारीकाठच्या बार्ज यार्डात मीटरगेजची वाघीण: ब्लास्टिंगला काय द्यावं, काय देऊ नये

जुन्या मालवाघिणीची अंडरफ्रेम, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ब्लास्टिंगने (हवेच्या दाबाने बारीक दाणे मारून) गंजमुक्त करून रंगवायची असेल तर गोव्यातल्या झुवारीच्या काठावरचं हे बार्ज दुरुस्तीचं यार्ड डोळे मिटून निवडावं. मात्र अख्खी वाघीण, पत्रा, दरवाजे आणि चाकांसकट, त्यांच्या हवाली करू नये. या दोन वाक्यांत आमचं मत आलं. पुढचा तपशील स्वयंसेवकांच्या बळावर रेल्वेचा जुना माल सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

यार्डातल्या लोकांचा हात बार्जांवर बसलेला आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून गोव्यातल्या खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या कामाला पूर्वीची बरकत राहिली नाही, म्हणून अशी किरकोळ कामंही ते घेतात, आणि किरकोळ समजून करत नाहीत. सगळे याला ‘सँडब्लास्टिंग’ म्हणत असले तरी इथे वाळू वापरत नाहीत, कॉपर स्लॅग, म्हणजे तांबं गाळल्यावर उरलेल्या मळीचे दाणे, वापरतात. हे आधी विचारून घ्यावंच, कारण वाळूच्या धुळीतल्या सिलिकाने कामगारांची फुफ्फुसं कायमची जातात. एका चौरस मीटरला तीस ते पन्नास किलो स्लॅग लागतो. चार चाकी वाघिणीच्या अंडरफ्रेमचे चॅनेल (पन्हळीसारख्या लोखंडी तुळया), आडवे बीम, बफरच्या पाट्या सगळ्या बाजूंनी मोजल्या आणि चाळीस चौरस मीटर भरले, तर दीड-दोन टन स्लॅग धरावा. दर चौरस मीटरवर असल्यामुळे मोजमाप दोघांनी मिळून करावं, चॅनेलची आतली बाजू धरूनच.

त्यांची सगळ्यात चांगली सवय म्हणजे ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याचा जोरदार फवारा. मुरगावच्या बाजूला वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या लोखंडाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते न धुता स्लॅग मारला तर मीठ आणखी आत ठोकलं जातं. मग वर कितीही भारी रंग द्या, पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. धुऊन, वाळवून, सहा-सात बारच्या दाबाने ते ‘एसए अडीच’ या सफाईच्या दर्जापर्यंत नेतात. म्हणजे लोखंड जवळजवळ पांढरं, अगदी फिकट डाग तेवढे चालतील. खरखरीतपणा पन्नास ते पंचाहत्तर मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मिळतो. झिंकचा प्रायमर धरायला तो लागतोच. हाताने ब्रश मारून साफ केलेल्या लोखंडावर हा प्रायमर टिकत नाही.

हवेच्या बाबतीत ते घाई करत नाहीत. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान तीन अंशांनी जास्त हवं, आणि हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली. हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे लोखंड निदान साडेएकोणतीस अंशांवर पाहिजे. रात्रभर थंड झालेलं जाड चॅनेल सकाळी तिथवर येत नाही. म्हणून ते उन्हं चांगली चढल्यावर हात घालतात आणि जेवढ्या भागाला त्याच दिवशी प्रायमर लागेल तेवढाच उघडा करतात. पुस्तकात चार तासांची मुदत सापडेल. खाडीकाठी तेवढाही वेळ मिळत नाही, उघडं लोखंड बघता बघता तांबूस होतं. काम दसऱ्यानंतर ते मार्चपर्यंत द्यावं. मे महिन्यातली हवा नको.

रंगाच्या फवाऱ्याआधीचा ब्रशचा हात ही या यार्डाची खरी कमाई. रिव्हेटच्या डोक्याभोवती, कडांवर आणि कोपऱ्यांत फवाऱ्याचा रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. इथला रंगारी गोल ब्रश रिव्हेटच्या डोक्यावर टेकवून फिरवतो, डोकं आणि पाटी यांच्यामधली बारीक फट भरून घेतो आणि मग पुढच्या रिव्हेटला जातो. शेकडो रिव्हेट असतात, एकही सुटलेला दिसला नाही. त्यावर झिंक प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन, मधला इपॉक्सी शंभर ते सव्वाशे, शेवटचा पॉलियुरेथेन पन्नास. नुसत्या इपॉक्सीवर थांबू नये, उन्हात त्याची भुकटी उडते. पॉलियुरेथेन मात्र निम्म्या चकाकीचाच मागावा. बार्जवरची चकाकी जुन्या वाघिणीला शोभत नाही.

आता तक्रारी. पहिली अ‍ॅक्सल बॉक्सची, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक ज्यात फिरतं त्या पेटीची. चाकं न काढता काम दिलं की ते बॉक्सभोवती गोणपाट गुंडाळून मोकळे होतात. स्लॅगची धूळ गोणपाटातून सहज आत जाते, तेलाच्या पॅडमध्ये रुतते आणि गाडी ढकलली की व्हाइट मेटल या मऊ धातूचा बेअरिंग आणि जर्नल (आसाचं त्यात फिरणारं टोक) दोन्ही ओरबाडते. नुसती पाहायला ठेवलेली वाघीण असली तरी ती कधीतरी हलवावी लागतेच. म्हणून फ्रेम जॅकवर उचलून चाकांचे जोड आधी बाहेर काढावेत. जर्नलला जाड ग्रीस, त्यावर तेलकट कागद, मग प्लॅस्टिक, आणि सगळ्यात वर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधाव्यात. पाट्यांचे स्प्रिंगही उतरवून ठेवावेत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बार्जवर जुना रंग म्हणजे कचरा, आणि यार्डाची नजर तशीच तयार झाली आहे. वाघिणीवरचा जुना रंग हा तिचा दप्तरातला कागद आहे. गोव्याची लाईन वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची. १९०२ पासून ती चालवायला सदर्न मराठा कंपनीकडे गेली, १९०८ नंतर तीच मद्रास अँड सदर्न मराठा झाली. हद्दीपलीकडच्या गाड्यांवर १९५१ पासून दक्षिण रेल्वेची अक्षरं आली. ही अक्षरं एकाखाली एक दडलेली असू शकतात, आणि स्लॅगचा एक झोत सगळी एकदम पुसतो. यार्डाला आधी सांगितलं तर ते थांबतात, पण आपणहून विचारत नाहीत.

म्हणून वाघीण पाठवण्याआधी निदान सहा ठिकाणी जुन्या रंगात खिडक्या उघडाव्यात. पाच सेंटीमीटरचा गोल आखून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करावी, मग ४००, मग ८००, आणि सगळं पाणी लावूनच. मधोमध लोखंड दिसलं की थांबावं. कापलेल्या सुपारीत रेषा दिसतात तशी रंगांची वलयं उमटतात. शेजारी पट्टी ठेवून सावलीत फोटो घ्यावेत. तळाला नारिंगी-लाल थर लागला तर तो शिशाचा शेंदूर आहे असंच धरून चालावं. अशा भागाचं ब्लास्टिंग बंदिस्त ताडपत्रीतच व्हावं आणि पडलेला स्लॅग वेगळा भरून घेण्याची अट लेखी घालावी. आमच्या पाहण्यात ताडपत्री खाली होती, बाजूंनी अपुरी होती. पलीकडे खाडी आणि खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) शेती आहे, तिथे शिसं जाता कामा नये.

चॅनेलवर ठोकलेले आकडे ही तशीच नाजूक गोष्ट. तीन थर मिळून पाव मिलिमीटर होतात आणि उथळ ठोकलेला आकडा त्यात बुजतो. कागद लावून आडव्या खडूने त्याचा ठसा घ्यावा, त्या जागेवर फक्त प्रायमर आणि एक पातळ हात मागावा.

तीन मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा या यार्डात देऊ नये. एवढ्या दाबाला तो फुगतो आणि परत सपाट होत नाही. सिग्नलचा हात, लिव्हर फ्रेमवरच्या पितळी पाट्या, सागवानी दरवाजे हे सगळं घरीच, हाताने.

दोन पाट्यांमध्ये दबलेला गंजही ब्लास्टिंगने निघत नाही. लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापून तो पाट्या फाकवतो, रिव्हेट ताणतो, आणि रंगकाम झाल्यावर तिथून तपकिरी ओघळ येतात. आधीच हॅक्सॉच्या पात्याने सांधा खरवडावा, हवेने फुंकावा, गरम हवेने वाळवावा. प्रायमरनंतर वरची आणि बाजूंची कड सीलंटने बंद करावी, खालची उघडी ठेवावी. आत शिरलेल्या पाण्याला वाट मिळते.

ताबा घेताना रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉनमीटर त्यांच्याकडूनच मागून घ्यावा, देतात. वरच्या पाट्यांवर नव्हे, चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात आणि बफरच्या मागे आकडा बघावा. निचऱ्याची आणि तेलाची भोकं रंगाने बुजलेली असतात, ती तिथेच मोकळी करून घ्यावीत. आणि चॅनेलमध्ये हात फिरवावा: ओंजळभर स्लॅग हमखास मागे राहिलेला असतो. तो ओल धरून ठेवतो, म्हणून गाडीवर चढवण्याआधी त्यांच्याच कॉम्प्रेसरने फुंकून काढायला लावावा.