दामोदर की मंगेश, दुर्गा की ज्योत्स्ना: जुनी नावं पाळण्यात आणताना

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय. तिनं घरातली वंशावळ बाहेर काढली आणि जुन्या नावांची यादी करून मला पाठवली: "मावशी, यातलं कुठलं आज चालेल?" फोंड्याकडच्या बारशांना गेलं की हल्ली हा प्रश्न बऱ्याच तरुण आईबापांच्या तोंडी असतो. तिच्यासाठी केलेली टिपणं आणखी कुणाच्या उपयोगी पडतील, म्हणून इथं सविस्तर लिहिते. ही नावं साधारण 1900 ते 1940 या काळातली, गोव्यातल्या हिंदू घरांत रुळलेली.

नावाचा अर्थ सगळेच बघतात. त्या नावामागे गोव्यात कुठलं देवस्थान किंवा कोण माणूस उभा आहे, हेही बरेचजण बघतात. हाक मात्र कुणी तपासत नाही, आणि जुन्या नावाच्या बाबतीत खरी मेख तिथंच आहे.

त्या काळी पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देत. पण सून सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? मग कागदावरचा दामोदर घरात बाबा, आबा, भाई नाहीतर अण्णा व्हायचा. सांखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींच्या वडिलांचं नाव दामोदर. 1907 साली धर्मानंदांना मुलगा झाला, त्याचंही नाव दामोदर. इतिहासाचे अभ्यासक त्यांना डी. डी. कोसंबी म्हणून ओळखतात. जवळची माणसं म्हणत बाबा. आपल्या बोरीच्या कवीचंच बघा. 1910 साली जन्मलेले बाळकृष्ण भगवंत बोरकर सगळ्या गोव्याचे बाकीबाब झाले, आणि पाळण्यातलं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरतं उरलं. म्हणून जुनं नाव ठरवताना घरात हाक काय मारणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. तुम्ही ठरवलं नाही तर शाळेतली मुलं ठरवतील.

मंगेश की दामोदर

मुलासाठी भाचीच्या यादीत वरची दोन नावं हीच. दोन्ही शंकराची, आणि दोन्ही देव 16व्या शतकात पोर्तुगीजांमुळं मूळ गाव सोडावा लागलेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, दामोदर मडगावहून जांबावलीला.

मंगेशाची कथा बहुतेकांना ठाऊक असते. वाघाला बघून घाबरलेली पार्वती 'त्राहि मां गिरीश' म्हणायला गेली, आणि त्या 'मां गिरीश'चा मांगिरीश, पुढं मंगेश झाला. देवाचं नाव भ्यालेल्या माणसाच्या हाकेतून तयार व्हावं, हे मला फार आवडतं. उच्चार सोपा, पुण्या-मुंबईतही कुणी दोनदा विचारणार नाही. उणीव म्हणाल तर एवढीच की हे नाव कधी मागे पडलंच नाही. माझ्या वयाचे मंगेश प्रत्येक वाड्यावर आहेत. जुन्या काळाचा गंध हवा म्हणून नाव शोधत असाल, तर तो यात फारसा सापडणार नाही.

दामोदरचा शब्दशः अर्थ ज्याच्या उदराला दाम, म्हणजे दावं बांधलंय तो. यशोदेनं उखळाला बांधून घातलेला खोडकर कृष्ण. पण जांबावलीचा दामोदर हा शिव आहे! नाव विष्णूचं, देव शंकर, आणि गोव्यातल्या भाविकांना यात कधी विसंगती वाटली नाही. शिशिरोत्सवातल्या गुलालाचा देव तो, आणि वास्कोच्या सप्ताहात अखंड भजन चालतं तेही त्याच्याच नावानं. इतका भरगच्च अर्थ असलेलं दुसरं नाव मला या यादीत दिसत नाही. अडचण हाकेची. दामू ही हाक आजच्या तरुण कानांना म्हातारी वाटते. भाचीच्या नवऱ्याचाही आक्षेप हाच. माझं मत वेगळं आहे. 'दामू' दोन अक्षरी, मऊ, दुरून ऐकू जाणारी हाक आहे, आणि ती म्हातारी वाटते कारण आपण ती फक्त म्हाताऱ्यांसाठी ऐकली. अंगणात चार वर्षांचा दामू धावू लागला की महिन्याभरात ती हाक त्या मुलाची होईल.

देवस्थानाशी नातं हवं आणि धोका नको, तर मंगेश. कुळाचा देव जांबावलीचा असेल, किंवा घरात दामोदर होऊन गेले असतील, तर मी दुसऱ्या नावाकडे बघणारच नाही.

याच काळातली 'आनंद' जोडलेली नावंही यादीत होती: दयानंद, सदानंद, परमानंद. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर 1911 सालचे, त्यामुळं गोव्यात या नावाला वेगळं वजन आहे. हाक मात्र 'नंदू' होते, आणि तिन्ही नावं तिथं एकच होऊन जातात. वामन अर्थामुळं नको असं भाचीच म्हणाली. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्याचं नाव ते, बुटका एवढाच अर्थ धरून टाकून देऊ नये असं मला वाटतं. पण आईलाच पटत नसेल, तर तिथं थांबावं.

दुर्गा की ज्योत्स्ना

मुलगी झाली तर ही खरी लढत, कारण ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. 1914 साली बांदिवड्याला जन्मलेल्या दुर्गा केळेकर पुढं ज्योत्स्ना भोळे म्हणून मराठी रंगभूमीवर आणि गाण्यात नावाजल्या. त्या पिढीला दुर्गा हे आजीचं नाव वाटत होतं. चांदण्याच्या अर्थाचं ज्योत्स्ना नवं, सुशिक्षित, नाजूक वाटत होतं. मनोरमा, सरोजिनी, कुमुदिनी, इंदिरा ही नावं त्याच लाटेतली. मनाला रमवणारी, कमळांचं तळं, रात्री फुलणाऱ्या कमळांची वेल, लक्ष्मी. घरात ती मनू, सरू, कुमुद, इंदू होत.

आता पारडं फिरलंय. दुर्गा तरुण वाटू लागली आणि ज्योत्स्ना आत्याची झाली. उच्चारही बघा. त, स आणि न एकत्र आलेले. गोव्याबाहेर, विशेषतः परदेशात, हे नाव मुलीला आयुष्यभर समजावून सांगावं लागेल. दुर्गा म्हणजे जिच्यापर्यंत पोचणं कठीण ती. गोव्यात या अर्थाला आणखी एक पदर आहे. कवळ्याची शांतादुर्गा शिव आणि विष्णू यांचं भांडण मिटवायला मधे उभी राहिली, म्हणून ती शांता. त्यामुळं शांता आणि दुर्गा यांतलं कुठलंही एक ठेवलं तरी दुसरं त्यात सावलीसारखं येतं. शांता हे नाव आज फार कमी ऐकू येतं. हाकेसाठी ते कापावंही लागत नाही, आहे तेच दोन अक्षरांचं.

म्हाळसा हवं असेल तर एक ध्यानात ठेवा. जेजुरीकडच्या माणसाला म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको. आपल्या म्हार्दोळची म्हाळसा नारायणी आहे, विष्णूचं मोहिनीरूप. मुलगी पुढं घाटावर राहणार असेल तर हा फरक तिला सांगून ठेवा.

केसर की मोगू

या दोन नावांविषयी मी तटस्थ राहू शकत नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकर 1892 सालच्या, कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर 1904 सालच्या. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंचा आवाज आहे. तरीही ही देवळांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांच्या घरातली नावं म्हणून नाक मुरडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. गोव्यानं जगाला दिलेलं सगळ्यात मोठं गाणं त्याच घरांतून आलं.

केसर म्हणजे फुलातला तंतू, केशर, आणि सिंहाची आयाळसुद्धा. 'बाई' गळाली की नाव अगदी आजचं वाटतं, आणि कुठल्याही भाषेत बिघडत नाही. मोगूत कोंकणी कानाला 'मोग' ऐकू येतो, म्हणजे प्रेम, माया. पण घाट चढला की तो अर्थ नावाच्या मागे राहतो. म्हणून कागदावर केसर, आणि घरातल्या हाकेला मोगू, असं दोन्ही साधता येईल.

तीर्थांची नावं थोडक्यात सांगते. गंगा, यमुना, गोदा, काशी, द्वारका, मथुरा. काशीयात्रा घडणं दुर्मीळ होतं त्या काळी, अनेक घरांत काशी चुलीपाशी बसून हाकेला ओ देत होती. यांतलं काशी मला सर्वांत टिकाऊ वाटतं: अर्थ प्रकाशणारी, आणि लहान. भिकू, धोंडू ही नावं मात्र कागदावर नकोत. मुलं जगत नसत तेव्हा मृत्यूची नजर पडू नये म्हणून ती ठेवत. ते दुःख आपल्या बाळावर नाही. पणजोबांची आठवण म्हणून त्यांच्या देवाचं नाव ठेवा.

जुन्या कागदांविषयी एक. पोर्तुगीज नोंदींत 'श'साठी एक्स हे अक्षर येतं आणि 'अ'च्या जागी बरेचदा ओ. तिथल्या रोमन स्पेलिंगात केशव 'केशोव' असा वाचला जातो. पणजोबांच्या नावाचं ते स्पेलिंग जपून ठेवा, पण बाळाच्या दाखल्यावर उतरवू नका, जन्मभर दुरुस्त्या कराव्या लागतील. आणि बाराव्या दिवसाची घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. एकदा नोंदलेलं नाव बदलायचं तर गोव्यात त्यासाठी 1990 चा वेगळा कायदा आहे आणि रीतसर अर्ज करावा लागतो. तेव्हा हे बारा महिने वापरा. दोन नावं उरली की एक आठवडा एका नावानं हाक मारा, दुसरा आठवडा दुसऱ्या.

भाचीच्या यादीत आता मुलासाठी दामोदर आहे, मुलीसाठी केसर आणि दुर्गा. काल फोनवर ती म्हणाली, पोटावर हात ठेवून ती तिन्ही नावांनी हाका मारते, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून 'केसर'ला ओ देतात.